'पैकी' म्हणजे नेमकं कुठलं?

दुय्यम निबंधक कचेरीबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या सर्व दस्तलेखक आणि अर्जनवीस मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर माझ्या भाच्यानं दोन एकर वावर घेतलं. विक्रीपत्र लिहायला आम्ही तुमच्यापैकीच एकाकडं आलो होतो. त्यांनी सातबारा पाहिला, मागचं विक्रीपत्र मागितलं, कॉम्प्युटरवर एक जुनी फाईल उघडली आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं बदलली. आमचा चहा निवायच्या आत दस्त तयार. "वाचून घ्या काका," म्हणाले. मी चष्मा लावला आणि सवयीनं सरळ चतुःसीमेवर, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनावर, गेलो. उत्तरेस ज्यांचं शेत लिहिलं होतं, त्यांच्या तेरवीला मी स्वतः जेवलो आहे, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. त्यांच्या मुलानं ते वावर विकलं, घेणाऱ्यानं पुन्हा विकलं, आज तिथं तिसराच माणूस संत्रा लावून बसलाय. दक्षिणेस 'पांदण रस्ता' लिहिलं होतं. त्या पांदणीनं बंडी नेलेली माणसं गावात आता दोन-तीनच उरली असतील. पांदणीत तूर उभी असते.

मी हे सांगितलं, तर तुमचे बंधू अगदी शांतपणे म्हणाले, "काका, मागच्या दस्तात जे हाये तेच लिहावं लागते. नाही तर लिंक तुटते."

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. कचेरीचं आणि तहसीलीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. कारण ही गोष्ट एका कचेरीची नाही, आणि त्या भल्या माणसानं वेगळं असं काही केलं नाही. विदर्भात जिथं जिथं लिंबाखाली टेबल आणि टेबलावर प्रिंटर आहे, तिथं असंच चालतं.

माझी ओळख एवढीच की मी निवृत्त भूकरमापक आहे. तीसेक वर्षं वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरची वावरं मोजली. सुरुवात साखळी आणि फलकावर केली, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन आलं, आणि निवृत्ती तोंडावर आली तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या रोव्हरची काठी हातात आली. माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. पण मला आयुष्यभर ज्या भांडणांत जाऊन उभं राहावं लागलं, त्यांतली निम्मी तरी वावरात सुरूच झाली नव्हती. ती कागदावर सुरू झाली होती, तुमच्या टेबलावर, आणि बहुतेक वेळा एकाच शब्दानं: 'पैकी'.

"मौजा अमुक, प.ह.नं. तमुक, खसरा नं. ११२, आराजी २.४३ हे.आर. पैकी ०.८१ हे.आर."

असं तुम्ही रोज लिहिता. (नवख्या वाचणाऱ्यासाठी: प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, खसरा नं. म्हणजे शेताचा नंबर, आराजी म्हणजे क्षेत्र, हे.आर. म्हणजे हेक्टर-आर.) आता मी तुम्हाला विचारतो, २.४३ मधले हे ०.८१ नेमकं कुठले? रस्त्याकडचे, की नाल्याकडचे पोटखराबाचे, म्हणजे पिकाखाली न येणारे? विहीर आत आली, की बाहेर राहिली? २.४३ म्हणजे सहा एकराचं वावर, तीन भाऊ, प्रत्येकाला दोन एकर. भावांना सगळं तोंडी ठाऊक असतं: थोरल्याचं रस्त्याकडचं, मधल्याचं विहिरीचं, धाकट्याचं नाल्याचं. धुरे, म्हणजे बांध, घातलेले असतात, कुणाचं कुणाशी भांडण नसतं. मग थोरला आपलं वावर मुलीच्या लग्नात विकतो. दस्तात लिहिलं जातं 'पैकी ०.८१'. घेणाऱ्याला वावर दाखवलेलं असतं, म्हणून तोही बोलत नाही. वीस वर्षांनी दाखवणारा राहत नाही, पाहणारा राहत नाही, आणि कागदावर उरतो फक्त 'पैकी'. कागदाप्रमाणं मग तिघांपैकी कुणीही कुठंही उभं राहून "हे माझं" म्हणू शकतो.

एखादा मोठा रस्ता आला की हे उघडं पडतं. समृद्धी महामार्ग आमच्या वर्धा जिल्ह्यातून गेला तेव्हा गावोगावी हाच प्रश्न कानावर यायचा: एका खसऱ्यात तीन नावं, रस्त्याची पट्टी जाते एका कडेनं, तर पैसा कुणाचा? ज्यांची फाळणी, म्हणजे हिस्सा मोजून नकाशात रेघ, झालेली होती त्यांना उत्तर नकाशानं दिलं. ज्यांच्या कागदावर 'पैकी' होतं, तिथं सख्खे भाऊ चावडीवर एकमेकांना उपरे म्हणाले. कालपर्यंत नाल्याकडचा म्हणवणारा भाऊ एका रात्रीत रस्त्याकडचा झाला, असंही झालं.

यात तुमचा दोष किती, हा वेगळा प्रश्न. मुळात घोळ असा की सातबारा फुटतो, नकाशा फुटत नाही. वाटणी झाली की पटवारी फेरफार घेतो, ११२ चे ११२/१, ११२/२, ११२/३ होतात, तिघांचे तीन सातबारे निघतात. कास्तकाराला वाटतं, झालं, वावर वेगळं झालं. पण भूमि अभिलेखच्या कपाटात ११२ चा नकाशा एकच असतो, त्याच्या पोटात एकही रेघ नसते. पोटहिस्सा मोजणी करून, फाळणी नकाशा काढून, मग आकारफोड, म्हणजे क्षेत्राची आणि आकारणीची हिस्सेवार फोड, होऊन ते तीन तुकडे खरे वेगळे व्हायचे असतात. तेवढं करायला कुणाला वेळ नसतो, फी भरायची नसते, आणि धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्यामुळं ११२/२ हा आकडा सातबाऱ्यावर आहे, नकाशात मात्र त्या नावाचा तुकडाच नाही. तुम्ही दस्तात ११२/२ लिहिता आणि घेणारा खूश होतो, कारण 'पैकी' दिसत नाही. पण ते लपलेलं 'पैकी'च असतं.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. ही सांगितल्याशिवाय बाकीचं तुम्हाला म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल.

आमचं गाव वर्धा नदीच्या अलीकडं, म्हणजे वर्धा जिल्ह्यात. नदी उतरलं की वऱ्हाड. लग्नसंबंध, बाजार, देवदर्शन सगळं दोन्ही काठांवर सारखं. जमिनीचा हिशेब मात्र दोन काठांवर दोन तऱ्हांचा. पलीकडं वऱ्हाड निजामाचं होतं, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात आलं, आणि तिथं मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली: सर्व्हे नंबर, एकर आणि गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. अलीकडं नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, तो मध्य प्रांतात गेला. इथं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणारा मधला मालक, इथं खसरा नंबर, आणि इथं एकराचे शंभर भाग करायची रीत, त्यातल्या एका भागाला डिसमिल म्हणायचं. डिसमिल म्हणजे ४३५.६ चौरस फूट, गुंठ्याच्या निम्म्याहून कमी. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्यं चार बदलली, पण हिशेबाच्या सवयी डोक्यातून गेल्या नाहीत.

१९७१ साली बाबांनी नदीकाठचं एक वावर घेतलं. मी तेव्हा दुसरीत होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र होतं ३.२५ एकर. आमच्या बाजूच्या रीतीनं याचा अर्थ सव्वातीन, म्हणजे तीन एकर दहा गुंठे. विक्रीपत्र लिहिणारे गृहस्थ मात्र वऱ्हाडातून इकडं येऊन बसलेले. अक्षर मोत्यासारखं होतं, तो दस्त आजही पाहत राहावासा वाटतो. त्यांनी आकड्यात लिहिलं ३.२५ आणि अक्षरात लिहिलं 'तीन एकर पंचवीस गुंठे'. त्यांच्या डोक्यात टिंबापुढं गुंठेच असायचे, त्यात त्यांचं काय चुकलं? फरक पंधरा गुंठ्यांचा पडला.

पुढची बावीस वर्षं आमच्या घरात त्या पंधरा गुंठ्यांची गोष्ट चालली. वावर उक्तं घेतलेलं होतं, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत दाखवून, भावही त्याच वावराचा ठरलेला. तेव्हा बाबांचं खरं तर काहीच गेलं नव्हतं. पण कागद म्हणतो पंचवीस गुंठे आणि पायाखाली भरतात दहा. मग उरलेले कुठं गेले? उत्तरेच्या शेजाऱ्यानं दाबले, दुसरं काय. उत्तरेचे शेजारी म्हणजे आमचे बापूजी. माझ्या आईला ते मुलीसारखं मानायचे, आणि आमच्या पोळ्याच्या बैलांना पहिली पुरणपोळी त्यांच्या घरून यायची. ती बंद झाली. बाबांनी दोनदा मोजणी आणली. दोन्ही वेळा भूकरमापकानं टिपणाप्रमाणं, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीप्रमाणं, खुणा दाखवल्या, धुरा जिथं होता तिथंच आला, आणि दोन्ही वेळा बाबा म्हणाले की त्यानं पैसे खाल्ले. मी याच खात्यात लागलो तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. नोकरीचा नव्हे. त्यांना वाटलं, आता पोरगा पंधरा गुंठे घरी आणणार.

मी आणले नाहीत. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी जुन्या बंदोबस्ताचे, म्हणजे सारा ठरवायला झालेल्या मोजणीचे, कागद माझ्या हाती आले, मूळ क्षेत्र आणि विक्रीपत्र शेजारी ठेवून पाहिलं, आणि त्या एका टिंबात सगळं कळलं. संध्याकाळी घरी येऊन बाबांना पाटीवर गणित करून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुह्या नकाशा सरकारचा. इक्रीपत्र माह्यं हाये. त्याच्यावर साह्यबाचा शिक्का हाये का नाही?"

शिक्का होता. तिथं मी हरलो. तुमचं लिखाण किती दूरवर जातं ते मला त्या दिवशी समजलं. मोजणीचा नकाशा कास्तकार एकदा पाहतो आणि ट्रंकेत ठेवतो, विक्रीपत्र मात्र तो आयुष्यभर मनात वाचत असतो. बाबा आणि बापूजी दोघेही गेले, एकमेकांशी न बोलता गेले.

आता हेक्टर-आर आलं (शंभर आर म्हणजे एक हेक्टर) म्हणून हा गोंधळ संपला असं समजू नका. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. पण बोलताना आणि लिहिताना सगळे एकराला चाळीस आर धरतात, तुम्हीही धरता. पाच एकरावर हा फरक सव्वादोन आरांच्या वर जातो, म्हणजे अडीच हजार चौरस फूट. तेवढ्यात गावात घर आणि गोठा दोन्ही होतात. सातबाऱ्यावर २.०२ असताना सौदा 'पाच एकर, म्हणजे २.००' असा लिहिला, तर उरलेले ०.०२ विकणाऱ्याच्या नावावर लटकत राहतात, आणि त्याचे वारस एक दिवस धुऱ्यावर येऊन उभे राहतात. असे ०.०२ चे मालक मी पाहिलेत. त्यांना स्वतःलाही आपण कशाचे मालक आहोत ते सांगता येत नव्हतं.

कुणी म्हणेल, नकाशा तरी कुठं बिनचूक असतो? बरोबर आहे. आमच्या बाजूचे जुने गावनकाशे मैलाला सोळा इंच या मापाचे. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ ओढली, तर ती रेघच जमिनीवर जवळजवळ दोन मीटर रुंद होते. साडेसहा फूट! आणि आपल्याकडं लोक हातभर धुऱ्यासाठी डोकी फोडतात. त्यातून आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, तिच्यात हद्दीचा दगड सरळ उभा राहत नाही. तो कलतो, खचतो, ट्रॅक्टरच्या फाळाला लागून निघतो, आणि कुणाच्या तरी गोठ्याच्या पायरीत सापडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४० व्या कलमाप्रमाणं आपल्या हद्दीच्या खुणा राखायची जबाबदारी त्या-त्या जमीनधारकाचीच आहे. हे वाचून दाखवलं की कास्तकार हसतात.

ज्यानं या देशाच्या मोजणीचा पाया घातला, तो विल्यम लॅम्बटन आमच्याच मातीत आहे. १८०२ साली मद्रासेजवळ त्यानं पहिली आधाररेषा मोजली, तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडं सरकत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. नोकरीत असताना मी दोनदा गेलो होतो. पोलादी साखळी उन्हानं किती वाढते, तेही तो थर्मामीटर लावून पाहायचा. हा विषयाला सोडून थोडा फाटा झाला, पण मोजणीवाल्याला एवढी सूट द्या.

मुद्दा असा की नकाशात चूक असली तरी ती चूक मोजता येते. सोळा इंचाच्या नकाशात दोन मीटरची शंका असेल, तर तेवढीच असते, दोन एकरांची नसते. 'पैकी'त मात्र शंकेला माप नाही.

"आता रोव्हर आलंय, उपग्रहावरून सेंटीमीटरमध्ये मोजतात, मग कागदाचं काय एवढं?" असं तरुण पोरं म्हणतात. रोव्हर चांगलं आहे, मी वापरलंय. जे काम साखळीनं दिवसभर चालायचं ते तासात होतं. पण रोव्हर तुम्ही कुठं उभे आहात ते सांगतं. धुरा कुठं असायला हवा ते त्याला ठाऊक नसतं. ते जुन्या टिपणावरूनच बसवावं लागतं, गावातली जुनी विहीर, शिवेवरचा दगड, न हललेला एखादा धुरा धरून. आणि टिपणात ज्याची रेघच नाही त्या तुकड्याला आकाशातला कुठलाच उपग्रह शोधू शकत नाही.

कायद्यानं काय मागितलंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. नोंदणी अधिनियम, १९०८, कलम २१: मिळकतीची ओळख पटेल इतकं वर्णन दस्तात असलं पाहिजे, नाही तर दस्त नोंदवायला घेऊ नये. 'ओळख पटेल इतकं.' हे तीन शब्द तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवावेत असे आहेत. आपल्या जुन्या विक्रीपत्रांत किती छान लिहिलेलं असतं: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. म्हणजे वावरात पुरलेला हंडा सापडला तर तोसुद्धा विकून मोकळे झालो, फक्त वावर कुठलं ते लिहायचं राहिलं!

चतुःसीमेला कमी लेखू नका, ती शेवटचा दोर आहे. सर्वोच्च न्यायालयात १९६१ साली निकाल लागलेल्या एका प्रकरणात, लिलावातल्या जमिनीचा नंबर १६० च्या ऐवजी १०६० पडला होता. एक शून्य जास्त. कोर्टानं पाहिलं की बाकीचं वर्णन, चतुःसीमेसकट, १६० लाच जुळतं, आणि ठरवलं की ही नंबर लिहिण्यातली चूक, जमीन १६० चीच. एका शून्यानं बुडालेलं वावर चतुःसीमेनं वर काढलं. आकडा आणि सीमा यांचं जमत नसेल तर सीमा धरायची, ही कोर्टाची जुनी रीत आहे. आता भाच्याच्या दस्ताचा विचार करा. उद्या त्यात खसरा नंबराची एखादी चूक निघाली, तर त्याला वाचवायला काय आहे? एक वारलेला माणूस आणि एक नांगरलेली पांदण.

तुमचीही बाजू मला दिसते. पक्षकार मुहूर्त काढून येतात. बाहेर भाड्याची गाडी उभी असते, साक्षीदार सारखे घड्याळ पाहतात, सर्व्हर बंद पडतो तो जेवणानंतर येतो. दस्तामागं तुम्हाला मिळतं किती, त्यात तुम्ही वावर पाहायला जावं असं मी म्हणणार नाही. मोजणीची तारीख मिळेपर्यंत सौदा मोडतो हेही खरं, आणि त्याचं उत्तर माझ्या जुन्या खात्यानं द्यायचं आहे, तुम्ही नाही. पऱ्हाटी आणि तूर उभी असेपर्यंत मोजणी होत नाही, आणि इसार मात्र नेमका दिवाळीच्या सुमारास होतो, ही आपल्याकडची रीतच आहे.

पण काही गोष्टी टेबलावर बसूनच होण्यासारख्या आहेत. चतुःसीमेत माणसाच्या नावाआधी शेताचा नंबर लिहा. 'उत्तरेस अमक्याचं शेत' ऐवजी 'उत्तरेस खसरा नं. १०९, सध्या अमक्याच्या नावे.' माणूस मरतो, विकतो, गाव सोडतो. १०९ कुठं जात नाही. गावनकाशाची प्रत आता मोबाईलवरही दिसते, चार बाजूंचे चार नंबर पाहायला पाच मिनिटं लागतात. आणि 'लिंक तुटते' म्हणून घाबरू नका. मागच्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख लिहिली की लिंक राहते, त्यासाठी मेलेला शेजारी जिवंत ठेवावा लागत नाही. वाटलं तर 'मागील दस्तात उत्तरेस अमुक असे वर्णन होते, आता तमुक' असं एक वाक्य टाका.

क्षेत्र लिहाल ते एककासकट, अक्षरी, आणि सातबाऱ्यावर आहे तसंच लिहा. एकरात भाषांतर करून देऊ नका. पक्षकाराला एकर समजून सांगायचे असतील तर तोंडी सांगा.

'पैकी' लिहावंच लागलं, आणि ते लागणार हे मला माहीत आहे, तर त्यापुढं थांबू नका. कुठल्या दिशेचे, कशाला लागून, किती रुंद, ते लिहा: "पूर्वेकडील, रस्त्यास लागून, दक्षिणोत्तर पट्टा, रुंदी अमुक मीटर." आणि एक कच्चा नकाशा जोडा. हातानं काढलेला चालेल. पूर्ण खसऱ्याचा चौकोन, त्यात विकलेला तुकडा तिरप्या रेघांनी, विहीर, नाला, रस्ता, उत्तरेचा बाण. त्यावर देणार-घेणार दोघांच्या सह्या, आणि वावर एकत्रातलं असेल तर बाकीच्या भावांच्याही. या सह्या द्यायला भाऊ तयार नसतील, तर तो सौदा का करू नये तेही घेणाऱ्याला तिथंच कळेल. हा कागद म्हणजे मोजणी नव्हे, त्यानं पोटहिस्सा पडत नाही. पण वीस वर्षांनी माझ्यासारखा कुणी भूकरमापक वावरात येईल, तेव्हा त्याच्या हातात बोट दाखवायला काहीतरी असेल.

आणि रस्ता. वावरात जायचं कुठून, हे आपल्या दस्तांत कधीच नसतं. 'वहिवाटीच्या हक्कांसह' एवढ्यावर भागवतात. मग घेणारा पहिल्या पावसात बंडी घेऊन निघतो आणि शेजारी धुऱ्यावर आडवा होतो. त्यानंतर तहसीलदाराकडं रस्त्यासाठी महसूल संहितेच्या कलम १४३ चा अर्ज, तारखा, पंचनामा, आणि तोवर पेरणी गेलेली. कोणत्या नंबरातून, कोणत्या धुऱ्यानं, किती फुटांचा, एवढी ओळ लिहायला शाई किती लागते?

भाच्याच्या दस्तात आम्ही त्या दिवशी उत्तर-दक्षिण दुरुस्त करून घेतलं. तुमचे बंधू थोडे नाराज झाले, पण केलं त्यांनी. वर म्हणाले, "तुम्ही मोजणीत होते म्हणून, बाकी कोणी वाचत नाही." तेही खरंच.

आता थोडं माझ्याच कामाचं. तेच नदीकाठचं वावर आम्हा दोघा भावांत वाटून झालं, पोटहिस्साही पडला. त्यातला उत्तरेच्या धुऱ्याला लागून एक एकर मी विकतोय, आणि घेणारा आहे बापूजींचा नातू. भाऊ अजून त्या धुऱ्यावर उभा राहिला की पलीकडं पाहतोच, पण विकायला त्यानं हरकत घेतली नाही. होळी झाली की आम्ही तुमच्यापैकी कुणाकडं तरी येऊ. मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो, झेरॉक्सही माझ्याच पैशानं काढून आणतो, ती दस्ताला जोडा. चार बाजूंना काय लिहायचं ते कागदावर लिहून ठेवलंय. उत्तरेचा रकाना तेवढा मागच्या दस्तातून उचलू नका.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
वर्धा नदीच्या अलीकडच्या काठावरून